चौदाव्या मजल्यावरचा गालिचा

नव्वदच्या दशकात आम्ही जपानात, तोक्योजवळच्या उरायासुला चौदाव्या मजल्यावर राहत होतो, तेव्हा कॉरिडॉरचा गालिचा बदलायला एक म्हातारे कारागीर आठवडाभर येत होते. नाव विचारायचं राहूनच गेलं. प्रत्येक दारासमोर ते आधी बंद दाराला वाकून "आवाज होईल, माफ करा" म्हणायचे, मग जुना गालिचा उचकटायचे. नव्यावर मात्र बूट काढूनच पाय ठेवायचे.

आमच्या दाराशी ते थबकले. दिवाळीत मी हौसेनं गालिच्यावरच रांगोळी काढली होती आणि रंग धाग्यांत कायमचे बसले होते. आता इमारतीच्या ऑफिसात तक्रार जाणार, या धास्तीनं मी मोडक्या जपानीत माफी मागितली. "सणाला काढतो आम्ही," एवढंच सांगता आलं. ते "हं, हं" करत रंगांवरून बोट फिरवत राहिले.

शेवटच्या दिवशी त्यांनी बेल वाजवली. हातात नव्या गालिच्याचा उरलेला चौकोन होता. त्यांनी तो उलटा केला. मागची बाजू काळी, गुळगुळीत रबराची होती.

"पुढच्या सणाला यावर काढा," ते म्हणाले.

ते वाकून निघाले, तेव्हा त्यांच्या अवजारांच्या पिशवीत मला माझी जुनी रांगोळी दिसली. तेवढाच तुकडा त्यांनी नीट कापून घेतला होता.