वालाच्या मांडवाखाली कॅप्टन शार्दूल

दिनकर गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याचंच पुस्तक वाचायला देत होतो. खामगावच्या बाजारात माझं लहानसं वाचनालय आहे आणि तेलगिरणीतला तुळशीराम नव्या 'शार्दूल'साठी समोर उभा होता. जिनिंगमधला एक माणूस दारात आला आणि म्हणाला, "दिनकरभाऊ गेले. लिहिता लिहिता टेबलावरच मान टाकली." तुळशीरामने पुस्तक छातीशी धरलं. मग दबक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, मागच्या पुस्तकात शार्दूल त्या लोखंडी पेटीत अडकला होता ना... ह्या पुस्तकात निंगते का बाहेर?" माझा सर्वात जुना मित्र जाऊन तास झाला नव्हता आणि मला हसू फुटलं. काय करणार? दिनकर असता तर तोही पोट धरून हसला असता.

कॅप्टन शार्दूल ज्यांना माहीत नाही असे वाचक कमीच. लांब कोट, चांदीचा लायटर, समुद्राच्या काठाने सुसाट जाणारी मोटार, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी गळ्याशी आलेला सुरा. हा सगळा थाट ज्याने उभा केला तो माणूस जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचं वजन लिहून घेणारा कारकून होता. त्याने समुद्र पाहिला नव्हता. मोटार सोडा, त्याला सायकलही येत नव्हती. घरी भिंतीवर मुंबईचा नकाशा टांगलेला असे आणि दिनकर आगकाडीने अंतर मोजी. एक काडी म्हणजे शार्दूलच्या मोटारीची पाच मिनिटं. एकदा मुंबईच्या एका वाचकाचं पत्र आलं, की शार्दूलने ज्या रस्त्यावरून मोटार पळवली तो रस्ता नसून दगडी जिना आहे. दिनकर दोन दिवस कुढला. पुढच्या पुस्तकात शार्दूलने मोटार मुद्दाम त्याच जिन्यावरून धडाधड खाली उतरवली. वाचनालयात ते प्रकरण मी टायरच्या आवाजासकट वाचून दाखवलं होतं. बाहेरचा पानवाला पानं लावायचं विसरला होता.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी पहिला शार्दूल निघाला आणि तेव्हापासून दर महिन्याला एक. पण लोकांना ठाऊक नसलेली गंमत अशी, की पुस्तकाआधी मुखपृष्ठ तयार व्हायचं. एका मोठ्या तावावर चार मुखपृष्ठं एकदम छापली की प्रकाशकाला स्वस्त पडत असे. म्हणून चित्रकार चार चित्रं काढून मोकळा होई. छापील ताव टपालाने खामगावला येई आणि चित्रात जे असेल ते दिनकरला चार महिन्यांत गोष्टीत आणावं लागे. एकदा चित्र आलं, दिवाणखाना, सोफ्यावर एक बाई आणि गालिच्यावर मगर. दिनकर ताव घेऊन माझ्याकडे आला.

"मगर दिवानखान्यात काऊन आली असन बे?"

"पाहुनी आली असन. चहा टाक म्हना बाईले."

"तू हास. मले तिले शंभर पानं घरात ठेवा लागते."

ठेवली त्याने. वर शेवटी रडवलंही वाचकांना, त्या मगरीसाठी.

पाच-सहा वर्षांनी त्याला या सगळ्याचा वीट आला. एके दिवशी त्याने शार्दूलला कड्यावरून ढकललं, खाली खडक ठेवले, प्रेतही सापडू दिलं, आणि सही करून बाड पाठवून दिलं. प्रकाशकाचं उत्तर आलं, अत्यंत नम्र. पुढच्या तीन मुखपृष्ठांवर कॅप्टन जिवंत असून ती छापून झाली आहेत, तरी मृत्यू पुढे ढकलावा. दिनकरने मृत्यू पुढे ढकलला. ती तीन पुस्तकं संपायच्या आत पुढचा ताव येऊन पडला, चार चित्रांचा. मग मी त्याला ताव उघडताना पाहायचो. दोरी सोडायचा, गुंडाळी अर्धी उलगडायचा, कोटाची बाही दिसली की पुन्हा गुंडाळून ठेवायचा. मी विनोद करायचो. म्हणायचो, "तुह्या शार्दूलले सगळ्या तुरुंगातून बाहेर पडता येते, त्यालेच विचार नं रस्ता." तो म्हणायचा, "विचारला. तो म्हनते, मले काय मालूम, तूच लिहितं."

असाच एकदा तो भर दुपारी आला आणि माझ्यापुढे चाळीस पानं ठेवली. छपाईत बिघडलेली मुखपृष्ठं प्रकाशक त्याला पाठवून देई. त्यांच्या कोऱ्या पाठीवर त्याने लिहिलं होतं. गोष्ट त्याच्या आईची होती. ती पिंपळगाव राजाला भाजीचा मळा करी. दिनकरची मोठी बहीण सातव्या वर्षी तापाने गेली. तिला वालाच्या शेंगा आवडत. आईने विहिरीजवळचा वालाचा मांडव वर्षभर शिंपला, पण एक शेंग कुणाला तोडू दिली नाही. शेंगा वेलावरच वाळल्या आणि वारा आला की खुळखुळू लागल्या. बस, एवढीच गोष्ट. तिच्यात कुणी कुणाच्या मागे धावत नव्हतं. दिनकर समोर बसून माझं तोंड बघत होता, शाळेत निकालाच्या दिवशी बघायचा तसा.

आणि मी काय म्हणालो असेन? माझ्या वाचनालयात चार माणसं शार्दूलसाठी खोळंबली होती. मी पानं खाली ठेवली आणि खरोखर, अगदी निरागसपणे विचारलं, "चांगलं आहे. पन दिनू, शार्दूल कोनत्या पानावर येते?"

तो हसला. "हाव... ते राह्यलंच," म्हणाला, आणि पानं उचलून घेऊन गेला. त्या पुस्तकाबद्दल नंतर तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात नवा शार्दूल वेळेवर आला आणि मी तो ठळक अक्षरांत फळ्यावर लिहिला.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. त्याच्या टेबलावर नवा ताव तसाच गुंडाळलेला होता, दोरीसकट. शेजारी प्रकाशकाचं पत्र. दुःख झालं, कॅप्टन शार्दूल मात्र थांबणार नाही, दुसऱ्या लेखकाची सोय झाली आहे. वहिनींनी कपाटातून ती जुनी पानं काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "तुमच्यासाठीच ठेवले होते. तुमच्या सवालाचं उत्तर लिहून राह्यलो, म्हनत होते तवा."

चाळीसच्या पुढे एक पान होतं.

एकेचाळिसाव्या पानावर शार्दूल पिंपळगावात एसटीतून उतरतो. भर उन्हाळा, अंगात तो लांब कोट. लोकांना विचारत विचारत मळ्यात येतो आणि विहिरीजवळ उभ्या असलेल्या बाईला म्हणतो, "बाई, इथं काय घडलं?"

"काई नाई बाप्पा. पोरगी मेली."

"कुणी मारलं?"

"कोन मारते? ताप आला होता."

शार्दूल खिशात हात घालतो. लायटर निघतो, तो परत ठेवतो. त्याला काहीच शोधायचं नाही. परत जायची गाडी तर निघून गेली आहे. मग ती बाई म्हणते, "उनाचे आले, बसा सावलीत," आणि त्याला लोट्यात पाणी देते. तो मांडवाखाली बसतो, कोट काढत नाही. वर शेंगा खुळखुळतात. पान तिथे संपतं. पुढे दिनकरने काहीच लिहिलं नाही. एकदा शार्दूल आत आल्यावर ती गोष्ट आईची राहिली नव्हती, आणि त्याला तिथून हाकलणं दिनकरला जमलं नसावं. पण त्या मळ्यात त्याला धाडला कुणी? मी.

आता दुसऱ्या कुणी लिहिलेला शार्दूल वाचनालयात आला आहे. तुळशीराम खूश आहे, मोटार पूर्वीसारखीच पळते म्हणतो. ती एकेचाळीस पानं मी गल्ल्याखालच्या खणात ठेवली आहेत. कुणाला वाचायला देत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शेवटचं पान काढतो. उजेडाकडे धरलं की मागच्या मुखपृष्ठावरचं पिस्तूल कागदातून दिसतं, नेमकं लोटा लिहिला आहे तिथे. पान पुन्हा सपाट ठेवलं की लोटा शार्दूलच्या हातात असतो, भरलेला. दिनकरने त्याला पाणी पिऊ दिलेलं नाही, आणि उठूही दिलेलं नाही.