खरा जाझ आणि गडबची हळद

पेणच्या ज्या बँडात मी क्लॅरनेट वाजवायचो, तिथं जाझ म्हणजे ड्रमचा सेट, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मला मात्र जाझ काय ते कळलं होतं. रोह्याला आमच्या शेजारी बोटीवर नोकरी करून आलेले एक चाचा राहायचे. त्यांच्याकडं टेपरेकॉर्डर होता आणि जाझच्या कॅसेटी होत्या. चाचा म्हणाले, "हे लोक एकच गाणं दोनदा सारखं वाजवत नाय." तेवढं एक वाक्य मी धरलं. गाणं सोडून जाईल तो खरा जाझ, बाकी सगळी नक्कल, असं मी बँडात सांगत सुटलो.

आमच्यात दुसरा एक क्लॅरनेटवाला होता. तो बँडच्या मास्तरकडून नोटेशन शिकला होता आणि लिहिलं असेल तेवढंच वाजवायचा. मी त्याला कारकून म्हणायचो. मी चौथी शिकलेला, मला नोटेशन जमलं नाय म्हणून मी जळत होतो, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. कानानं उचललेलं माझं कधी चुकलं नाय.

मास्तर थकले होते. पुढं उभं राहून बँड चालवायची जागा त्या हंगामात आम्हा दोघांतल्या एकाला मिळणार होती. ती मला पाहिजे होती.

पेणजवळच्या गडब गावी एका नवऱ्या मुलाची हळद होती. आमच्याकडं हळदीचं गाणं नात्यानं पुढं सरकतं. धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी सांगणारी बाई, एकेक नातं घेते, बाया मागून म्हणतात, आणि ज्याचं नातं येईल तो उठून हळद लावतो. क्लॅरनेटनं चाल धरून ठेवायची, बस. आत्या झाली, काका झाला. मी चाल सोडली आणि वरच्या सुरांत निघालो. चांगलं वाजत होतं, आजही सांगतो. पण बाया थांबल्या, एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि परत धरलं तेव्हा मामाला सोडून त्यांनी मावशीच घेतली. मामा अर्धा उठलेला. तो तसाच मांडवाबाहेर गेला.

धवलारीण माझ्यासमोर आली. "वाट चुकायची तर एकट्यानं चूक की रं. आमच्या बायांना कशाला नेतस? आता मामाला आणायला तुझं ते लाकूड जाणार हाय काय?"

"नको गो, तो परत येताना गडब सोडून नागोठण्याला जाईल," मागून एक बाई म्हणाली. सगळा मांडव हसला.

दुसऱ्या क्लॅरनेटवाल्यानं मुळातली चाल सुरू केली. बायांनी ती लगेच उचलली, दोघे जण मामाला हाताला धरून घेऊन आले आणि गाणं मामापासून परत झालं.

परतीच्या टेम्पोत मास्तर म्हणाले, "तू वाजवतोस चांगलं. पण बाया तुझ्या मागनं येत नायत."

"त्यांनी ऐकायला शिकावं."

"लग्न त्यांच्या घरचं हाय, तुझ्या नाय."

पुढं उभं राहायची जागा त्या कारकुनाला मिळाली. त्याच्या मागं उभं राहायचं मला जमणार नव्हतं. बँड सोडला आणि रोह्याजवळ धाटावला कंपनीत लागलो. रिटायर होईपर्यंत शिफ्ट केल्या.

आता मोबाईलवर जाझ लागेल तेवढा ऐकतो. तरुणपणी मला फक्त गाणं सोडून निघून जाणारा ऐकू यायचा. तो जातो तेव्हा बाकीचे गाणं सोडत नायत, त्याची जागा धरून बसतात, हे या वयात ऐकू आलं. गडबला मी निघालो तेव्हा कुणाला सांगितलंच नव्हतं.

मागच्या महिन्यात एसटीनं पेणला गेलो, त्या दुसऱ्या क्लॅरनेटवाल्याच्या घरी. तो ओट्यावर वाल सोलत बसला होता. त्याचे दात गेलेत, वाजवणं कधीच बंद.

"गडबला गाण्यात मामा माझ्यामुळं राहिला," मी म्हटलं.

"ते अख्ख्या गडबला ठाऊक हाय. नवीन काय ते सांग."

"जाझबद्दल माझं म्हणणं बरोबर होतं."

"असंल. जागा मला मिळाली."

"बरोबर मिळाली," मी म्हटलं.

त्यानं थोडे वाल माझ्यापुढं सरकवले. चहा येईस्तोवर मी ते सोलले आणि दुपारच्या गाडीनं परत आलो.