कावळा नसलेली चढण

डांबराने माखलेले लाकडी स्लीपर, एकावर एक, सरळ धुक्यात चढत गेलेले... रूळ नव्हते, त्यांचे गंजके खिळे तेवढे वर आलेले. तंजावरच्या सपाट भातशेतीत वाढलेल्या मला डोंगर ठाऊकच नव्हता, आणि पहिला भेटला तो असा, मेलेल्या रेल्वेच्या पाठीवरून चढायचा. अजूनही कुठे डांबराचा वास आला की माझ्या पोटऱ्या दुखू लागतात.

पूर्वी तिथून चहाच्या पेट्यांच्या वाघिणी दोरावर खाली उतरत. त्या दोरावर देखरेख करायला माझा काका होता, अप्पांचा धाकटा भाऊ. एके दिवशी दोर तुटला आणि काका गेला. मग लॉऱ्या आल्या, रूळ भंगारात गेले, उरलेल्या चढणीवर हौशी पर्यटक हिंडू लागले. तिरुवैयारूला, कावेरीच्या घाटावर, त्याच्या वर्षश्राद्धाच्या पिंडाला कावळा शिवला नाही, तेव्हा अप्पा म्हणाले, "जीव त्याचा तिथेंच अडकला आहे. तिथेंच जाऊन ठेवूं." दहा वर्षांची मी हट्टाने सोबत गेले.

जीव कशात अडकला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होते — काकूत. मद्रासच्या एका नव्या कंपनीतून तिला टायपिस्टच्या नोकरीचे पत्र आले होते, आणि अप्पांनी ते घडी घालून कपाटात ठेवून दिले होते. काका असता तर त्याने स्वतः तिला गाडीत बसवून दिले असते.

वर पोहोचलो. निलगिरीच्या ओल्या पानांचा वास, हाडांत शिरणारा गारठा, केळीच्या पानावर तीळ घातलेला भाताचा गोळा... आणि कावळ्याचा पत्ता नाही. तो शिवेपर्यंत आमचा दहीभाताचा डबा उघडायचा नव्हता. अप्पा डोळे मिटून, हात जोडून, धुक्याला एकेक वचन देऊ लागले. "तुझी वीणा कोणास देत नाहीं... तुझा फोटो कूडांत, मधल्या दालनांत, लावतों..." प्रत्येक वचनानंतर ते थांबत. धुके हलत नव्हते. त्यात काका उभा राहून सगळे ऐकतो आहे, याची मला खात्री होती. शेवटी अप्पांचा आवाज चिरकला. "बरें रे बाबा, तिला —"

मला राहवले नाही. भूक होती, भीती त्याहून मोठी होती. मी पिंड उचलून दरीत भिरकावला आणि ओरडले, "अप्पा, कावळा! नेला त्यानें!"

अप्पा लहान मुलासारखे रडले. हसतही होते. ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही — त्या दिवशीही नाही, पुढे कधीही नाही. काका तृप्त झाला म्हटल्यावर पत्राची आठवण काढायची गरजच कोणाला उरली नाही.

काकूचे केस आमच्याच स्वयंपाकघरात पांढरे झाले. अप्पा गेले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. गेल्या वर्षी एका दुपारी तिच्याशेजारी बसून मी सगळे सांगून टाकले. तिने चिडावे, मला दोन शब्द सुनवावेत, असे मनापासून वाटत होते. शेंगा मोडणारे तिचे हात थांबले.

मग म्हणाली, "फार भूक लागली होती का गे तुज?"