आवाजाच्या तिप्पट

फेरफाराच्या अर्जासाठी कचेरीत गेलो, की तिथले एक कारकून मला बसवून घेत आणि सुपरसॉनिक क्षेपणास्त्र समजावून सांगत. “पयले बूस्टर ढकलते, मंग ते गळून पडते अन् रॅमजेट इंजिन पेटते. आवाजाच्या तिप्पट वेग. समुद्राला घासून जाते, म्हून रडारला लौकर दिसत नाही.”

एकदा पैनगंगेकाठची एक म्हातारी भाजीवाली शेजारी उभी होती. वारसाच्या नोंदीसाठी ती वर्षभर खेपा घालत होती. तिने सगळं ऐकून शांतपणे विचारलं, “साहेब, त्याच्यात माहा कागद ठेवता येते का?”

ते हसले नाहीत. गठ्ठा सोडून त्यांनी तिचा अर्ज काढला, स्वतः तहसीलदारांकडे नेला आणि सही घेऊनच परतले.

मग घाम पुसत मला म्हणाले, “तुमचं पुढच्या हप्त्यात पाहू.”