पाकिटावरचा मायना

कुणाला काय म्हणून पत्र सुरू करायचं, हे दिनानाथ कर्णिक वडिलांकडून शिकले होते. वडिलांची हयात एका संस्थानाच्या दप्तरात गेली. वडीलधाऱ्यांना तीर्थरूप, धाकट्यांना चिरंजीव, शास्त्रीबुवांना वेदशास्त्रसंपन्न, सवाष्णीला सौभाग्यवती, विधवेला गंगाभागीरथी. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्याला लिहायचं असेल, तर आधी चार ठिकाणी चौकशी करावी आणि मगच मायना घालावा, अशी त्यांची शिकवण.

मोरिवलीच्या अंगाला कारखाना सुरू झाला, तेव्हा कर्णिकांना तिथे नोकरी लागली. इंग्रजी पत्रं मॅनेजरसाहेब स्वतः सांगत, मराठी सगळी कर्णिकांकडे. मामलेदार, गावोगावचे पाटील, कामगारांची घरं. कुणालाही पत्र गेलं की ते त्यांच्या गोल, टपोऱ्या अक्षरात जाई. बदलापूरहून ते रोज वेळेआधी येत आणि दौत पुसून बसत. सात वर्षं असं चाललं.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात वृंदा प्रधान आली. बावीस वर्षांची मुलगी, उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी मास्तरांच्या क्लासात टायपिंग शिकलेली. तिच्यासाठी मराठी अक्षरांचं यंत्र आणलं गेलं. अनोळखी पुरुष असला की ती 'महोदय' लिही, अनोळखी बाई असली की 'श्रीमती'. बस्स, संपलं. कर्णिकांचा तासाभराचा विचार ती एका शब्दात उरकी, आणि साहेब खूश.

"कर्णिक," साहेब म्हणाले, "पत्रं आता वृंदाबाई करतील. तुम्ही पाकिटं लिहा आणि जावक सांभाळा."

कर्णिक 'बरं' म्हणाले. पण त्या दिवसापासून यंत्राचा खडखडाट सुरू झाला की ते टाक खाली ठेवत. साहेब तिच्या टेबलाशी किती वेळा गेले, हे ते मनातल्या मनात मोजत. तिची पत्रं पाकिटात घालण्याआधी दोनदोनदा वाचत. चूक सापडावी म्हणून वाचत, आणि सापडली नाही की दिवस वाईट जाई. घरी बायको बकुळा एकदा सहज म्हणाली, "मुलगी हुशार दिसते." कर्णिकांनी ताट पुढे सारलं आणि अर्ध्या जेवणावरून उठले.

श्रावणात एका सोमवारी तिचं एक पत्र त्यांच्याकडे आलं. 'श्रीमती नवसी पदू, मुक्काम चामटोली. पदू यांस कारखान्यात अपघात झाला आहे. तरी कचेरीत येऊन समक्ष भेटावे.' पदू कोण, हे कर्णिकांना ठाऊक नव्हतं. भट्टीवर रोजाने येऊन आठ-आठ दिवस तिथेच राहणाऱ्यांतला कुणीतरी. त्यांची नजर अडली ती 'श्रीमती'वर. वडिलांच्या शिकवणीत श्रीमती चालली तर विधवेलाच, आणि तिलाही खरा मायना गंगाभागीरथीच. म्हणजे पदू गेला, आणि या पोरीला धड मायनाही घालता येत नाही. ती सगळ्याच अनोळखी बायकांना श्रीमती लिहिते, हे त्या तिरीमिरीत त्यांना आठवलं नाही.

उठून तिला विचारता आलं असतं. टेबल समोरच होतं. पण विचारायचं म्हणजे तिच्याकडून शिकायचं. त्यापेक्षा बोट कापून घेतलेलं बरं, असं त्यांना वाटलं. आत 'श्रीमती' राहू दे, पाकीट तर आपलं आहे. त्यांनी टाक बुडवला आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'गं. भा. नवसी पदू यांस'. किती महिन्यांनी त्यांना बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी चामटोलीकडच्या पाड्यावरची एक बाई दारात येऊन उभी राहिली. सोबत दीर होता, सखा. तिचे हात मोकळे होते. मनगटावर काचेचे ओरखडे ताजे होते.

"माजा माणूस कुठं ठेवलाय?" तिने विचारलं. "माती द्याची हाय."

वृंदा खुर्चीवरून उठलीच. "नवसीबाई का तुम्ही? अहो, पदू जिवंत आहे. हात भाजलाय त्याचा. कल्याणच्या दवाखान्यात आहे. भेटायला न्यावं म्हणून तर बोलावलं."

नवसी खाली बसली. सख्याने कमरेला खोचलेलं पत्राचं पाकीट काढून पुढे केलं. "गावच्या मास्तरांनी वाचलान. म्हनले, वर असा लिवलाय म्हंजे गेला."

वृंदाने पाकीट पाहिलं. ते अक्षर कचेरीत एकाचंच होतं. तिने कर्णिकांकडे एकदाच पाहिलं, मग सख्याला म्हणाली, "कचेरीची चूक झाली, दादा. आमची चूक झाली."

तिने नाव घेतलं नाही, हे कर्णिकांना सर्वांत जास्त झोंबलं. इथेही तीच मोठी ठरली. आणि असं वाटलं त्याची त्यांना शिसारी आली. समोर एक बाई उघड्या मनगटांनी बसली होती आणि आपण अजून त्या पोरीशीच हिशेब करतोय. ते उठले.

"ते मी लिहिलं," ते म्हणाले.

नवसीने वर पाहिलं. "तुमी वळखता त्याला?"

"नाही."

"कुनाला इचारलंत?"

"नाही."

"मंग लिवलंत कशाला?"

साहेबांची परवानगी घेऊन ते स्वतः दोघांना घेऊन कल्याणला गेले. पदू खाटेवर उशाला टेकून बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. बायकोला पाहून हसला, मग तिच्या हातांकडे पाहून हसायचा थांबला. नवसी पदराने तोंड झाकून रडू लागली. काय झालं ते कर्णिकांनीच त्याला सांगितलं, काही न लपवता. पदूने ऐकून घेतलं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं आणि कर्णिक जाईपर्यंत वळवलं नाही.

महिन्याने तो कामावर आला. दोन बोटं वाकत नव्हती, म्हणून त्याला फाटकावर बसवलं. कर्णिक येता-जाता त्याला नमस्कार करीत. तो कधी मान हलवी, कधी नाही.

मत्सर काही गेला नाही. पुढे साहेबांनी वृंदाला बढती दिली, तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि कर्णिकांनी आपला खिशात टाकून घरी नेला. पण अनोळखी नाव दिसलं की ते पत्र हातात घेऊन तिच्या टेबलाशी जाऊन उभे राहत.

"वृंदाबाई, हे कोण?"

ती सांगे, आणि माहीत नसलं तर दोघं मिळून हजेरीपत्रक काढून बघत.