छबूबाईची चौकट

आमच्या वन्सं कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्याच. वन्सं म्हणजे छबूबाई, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून आमची दोघींची भांडणं सुरू, आणि खरं सांगते, त्यातली निम्मी मीच उकरून काढलेली. मी चिंचवडची, चौथी पास. दिघीकडच्या या वाडीत सगळे माझ्या बोलण्याला हसायचे, पण कागद आला की वाचायला मीच, ही शालनच, लागायची.

पंचावन्न सालचा तो कागदही मीच वाचला. आमच्या वाडीच्या जागेवर नवा कारखाना येणार होता. घरं उठणार, आणि घराच्या बदल्यात प्रत्येकाला वरच्या माळावर एकेक जागा मिळणार. ज्याला स्वतः बांधायचंय त्याने मार्चअखेर तिथं राहतं घर उभं करायचं, मग जागा त्याच्या नावावर. ज्याला जमायचं नाही, त्याच्या जागेवर कारखाना तयार घर बसवून देणार. मात्र मग घरही कारखान्याचं, खालची जागाही कारखान्याची, आणि घरातला पुरुष कामाला असेल तोवरच तिथं राहायचं.

तयार घर म्हणजे काय, हे बघायला अख्खी वाडी लोटली. सिमेंटच्या मोठाल्या फळ्या कुठेतरी साच्यात ओतून ट्रकमधून आणायच्या, लोखंडी खांबांना बोल्टाने आवळायच्या, वर पत्रे घालायचे. सकाळी ट्रक आला की दिवेलागणीला घर तयार! मी आत गेले आणि खाली बसून जमिनीवरून हात फिरवला. काय गुळगुळीत हो! शेण नको, सारवण नको, पावसाळ्यात भिंतीला पोपडे नकोत. माझा तर जीवच जडला. आमच्या ह्यांना, म्हणजे सोपानरावांना, कारखान्यात वॉचमनची नोकरी लागलेली होतीच. आमचं तिथल्या तिथं ठरलं.

वन्संनी भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि कारकुनाला विचारलं, "खिळा कुठं मारायचा?"

"खिळा मारायचा नाही. फळी तडकते."

"आन् पाळना कुठं टांगायचा?"

"तुम्हाला कुठं टांगायचाय पाळणा, बाई?" तो हसत म्हणाला.

वन्संना मूलबाळ नव्हतं, आणि हे त्या मेल्याला माहीत होतं. मला असा संताप आला की त्याची टोपी उडवावीशी वाटली. वन्सं मात्र शांत. पत्र्याकडे बघत म्हणाल्या, "एका दिसात उभं ऱ्हातंय, मंजी एका दिसात उचलता बी येत आसंल."

हे त्या उगाच बोलल्या नव्हत्या. त्यांचे मालक दत्तोबा नगरकडे एका कारखान्यात होते. कारखान्याच्याच चाळीत दोन खोल्या होत्या. दत्तोबा तापाने गेले. तेराव्याचे पाहुणे परत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं पाणी भरून येतात तो दाराला कुलूप. भांडी बाहेर, अंथरुणं बाहेर, तुळशीची कुंडी बाहेर. बाई कुंडी कडेवर घेऊन माहेरी आली. माझ्या सासऱ्यांनी, सोनबांनी, राहतं घर आमच्या ह्यांना ठेवलं, शेजारची दोन खोल्यांची झोपडी लेकीच्या नावावर करून दिली आणि मगच डोळे मिटले. म्हणून माळावरची जागाही वन्संच्या नावाने निघाली. अख्ख्या वाडीत बाईच्या नावाची तेवढी एकच.

"ज्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरंला, त्ये दार माजं न्हाई," वन्संनी सांगून टाकलं. "मी बांदनार."

मी समजावलं. भांडले. म्हटलं, "अहो, घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही. एकटी बाई, हाताशी माणूस नाही. आमच्यात राहा, हे आहेत ना कामाला." पण पालथ्या घड्यावर पाणी! "भावाच्या नावावर ऱ्हायला मी काय गठुडं हाय?" असं वर मलाच विचारलं. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

चिमाजी गवंड्याने दगडाचं जोतं घालून दिलं. आमच्याकडे आधी चौकट उभी करतात आणि मग तिच्या अंगाने भिंत चढवतात. वन्संनी जुन्या झोपडीची बाभळीची चौकट उंबऱ्यासकट उपटून बैलगाडीतून माळावर आणली. चिमाजीने ती ओळंब्यात उभी केली, दोन टेकू दिले. वन्संनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आणि दुसऱ्या दिवसापासून चिमाजी गायब. कारखाना दुप्पट रोज देत होता, गेला बोल्ट आवळायला. एकटा तोच कशाला, पंचक्रोशीतले सगळे गवंडी तिकडे गेले.

मग काय करता? वन्सं स्वतःच चिखलात उतरल्या. पांढरी माती, भुसा, पाणी, आणि वर नाचायचं. मी माझ्या नव्या घराच्या दारातून बघत बसायचे. दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी लुगड्याचा काचा मारला आणि गेले. वन्सं म्हणाल्या, "आलीस व्हय?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही आले, मला तुमचं हे येड बघवत नाही म्हणून आले." त्या हसल्या. पण मातीच्या भिंतीला घाई चालत नाही. एक थर घालायचा, तो सुकू द्यायचा, मग दुसरा. घाई केली की सगळी भिंत पोट काढते आणि बसते. मार्च संपत आला तेव्हा भिंत माझ्या गुडघ्यालाही लागत नव्हती. मागच्या बाजूला तर नुसतं जोतं. आणि पुढे, भिंती नसलेल्या घराची ती चौकट, टेकूवर उभी. येणारेजाणारे हसायचे. कुणीतरी तिला छबूबाईची वेस म्हणायला लागलं.

शेवटच्या दिवशी कारखान्याचा जमिनीचा साहेब तपासणीला आला. नानासाहेब म्हणायचे त्याला, पुण्याचा, वागायला सभ्य माणूस. बरोबर तो कारकून आणि आमच्याच वाडीतला शिपाई आबाजी. मागे निम्मी वाडी. कारकुनाच्या हातात वही होती. त्या वहीत 'घर नाही' असं एकदा लिहिलं की जागा गेली, आणि सोनबांनी लेकीला दिलेलं जे काही होतं तेही गेलं.

वन्संनी सकाळपासून जोत्यावर तीन दगडांची चूल पेटवली होती. चौकटीच्या आतल्या अंगाला घोंगडी अंथरली होती, आणि भाकरी थापत बसल्या होत्या. वर आभाळ.

नानासाहेब बाहेर उभा राहिला. इकडेतिकडे बघितलं, खाकरला. "बाई, येऊ का आत?"

"या की."

त्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवले. चौकट बुटकी, हा गडी उंच. त्याने मान खाली घातली, उंबऱ्यावर पाय पडू न देता तो ओलांडला आणि आत येऊन घोंगडीवर बसला. कारकून त्याच्या मागोमाग तसाच, वाकून. वन्संनी गूळपाणी पुढे केलं. दोघांनी घेतलं.

पाणी पिऊन झाल्यावर नानासाहेब म्हणाला, "वाईट वाटतं, बाई. पण मला दिसतं तेच लिहावं लागणार. भिंती नाहीत, छप्पर नाही." आणि कारकुनाला म्हणाला, "लिहा. जागेवर घर नाही."

वन्संनी तव्यावरची भाकरी उलटली. "बूट कुठं काडलं, सायेब?"

"बाहेर. का?"

"भाईर मंजी कशाच्या भाईर?"

त्याने मागे वळून उंबऱ्याकडे बघितलं.

वन्सं उठून उभ्या राहिल्या. हात पिठाने भरलेले, पण आवाज सगळ्या माळावर ऐकू गेला. "तिन्ही अंगांनी मोकळं हाय. भिताड तुमच्या गुडघ्याला लागत न्हाई. कुठनं बी पाय टाकून आला आस्ता. पर तुमी इचारून आला, दारातनं आला, मान वाकवून आला. उंबऱ्याला पाय लावला न्हाई. तुमच्या आईनं चांगलं वळन लावलंय सायेब, घर दिसलं की मान वाकती तुमची. मग आता वहीत खोटं कशापायी लिवता?"

आबाजी आधी हसला. नोकरीचा माणूस, तोंडाला रुमाल लावला, पण हसू काही थांबेना. मग सगळी वाडी हसली. कारकुनाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि देवाशपथ, पाळण्याचं माझं उट्टं तिथं फिटलं. नानासाहेबाने उंबऱ्याबाहेरच्या आपल्या बुटांकडे बघितलं. मग त्याने कारकुनाच्या हातातून वही घेतली आणि स्वतः लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: राहते घर. मालक छबूबाई. बांधकाम चालू.

"पावसाळ्याआधी छप्पर घाला," एवढंच तो म्हणाला. जातानाही चौकटीतूनच वाकून गेला.

छप्पर जूनच्या आत चढलं. बोल्ट आवळायचं काम संपल्यावर चिमाजी मान खाली घालून आला, आणि वन्संनी चार शिव्या देऊन त्याला कामाला लावला.

पुढे एकोणसाठ साली कारखान्याने चाळीस माणसं कमी केली. त्यात आमचे हे. आठ दिवसांत घर मोकळं करा म्हणून कागद आला, तो मीच वाचला. नवव्या दिवशी सकाळी ट्रक आला. बोल्ट सुटले, फळ्या उतरल्या, दिवेलागणीला माझी ती गुळगुळीत जमीन तेवढी उघडी राहिली. मी डोक्यावर अंथरुणं आणि काखेत माझं तान्हं पोर घेऊन माळावरून चालत निघाले. चार वर्षं मी त्या बाईला येडी म्हटलं होतं. आता कुठल्या तोंडाने जाऊ, असं झालं होतं.

वन्सं दारातच उभ्या होत्या. आत आढ्याला दोर बांधलेले मला बाहेरूनच दिसले, पाळण्याचे. त्यांनी माझ्या काखेतलं पोर काढून घेतलं आणि म्हणाल्या, "वाक शालन, डोस्कं आपटंल."

मी वाकले.