लोकलहोस्ट म्हणजे बेलापूर नव्हे

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण माईकसमोर उभं राहून केलेला हा एकच. वय सहासष्ट, म्हणजे अक्कल यायला तसा अजून अवकाश होता. ऊसपट्ट्यातल्या आमच्या बेलापूरच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. मी पदर सावरून जाहीर केलं, "आपल्या रूथबाईंनी इथल्या बोलीचा शब्दकोश इंटरनेटवर टाकलाय. पत्ता लिहून घ्या... लोकलहोस्ट!" लोकल म्हणजे इथलं, होस्ट म्हणजे यजमान, तेव्हा त्यांच्या पडद्यावर वाचलेला हा पत्ता बेलापूरचाच, अशी माझी खात्री. सभागृहभर मोबाईल निघाले. कुणाचंच काही उघडेना. शेवटी सुप्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा आमचा जुना विद्यार्थी उठला. "बाई, ते ज्याच्या मशीनवर हाय त्यालाच दिसतं. बाहेर न्हाई दिसत." हशा पिकला. माझी नात मला अजून 'लोकल आजी' म्हणते. मीही हसले, आणि पहिल्या रांगेत पाहिलं तर रूथबाई मान खाली घालून बसलेल्या.

त्या रूथबाई गेल्या महिन्यात गेल्या. त्यांच्या लेकीचा, एस्तेरचा, सकाळीच फोन आला. मी चहा गाळत होते. कप भरून वाहू लागला तरी मी ओततच होते...

त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. तीस वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी. निवृत्तीनंतर मी लोणची घातली, त्यांनी शब्दकोशासाठी घरच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर बसवला. सर्व्हर म्हणजे कपाटाएवढं यंत्र असणार असं मला वाटायचं. इथे तर जेवणाच्या टेबलावरचा तोच जुना कॉम्प्युटर, आणि पडद्यावर एक लहानशी चौकट. बाई सुरू करायचं बटण दाबत, चौकटीतलं सर्व्हरचं नाव हिरवं होई आणि लगेच लाल. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी कळलं, ज्या दारानं आत जायचं, त्या ऐंशी नंबरच्या पोर्टवर दुसराच कुठला प्रोग्राम ठाण मांडून बसलाय. बाईंनी सेटिंगच्या फाइलमधला आकडा बदलून आठ हजार ऐंशी केला. हिरवं झालं ते हिरवंच राहिलं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या, वर्गात एखाद्याचं उत्तर बरोबर आल्यावर म्हणायच्या तसं.

मेळाव्याहून परतताना रिक्षात मी उलट त्यांनाच झापलं. "आधी सांगायचं नाही का? माझी शोभा झाली!"

त्या बाहेर बघत म्हणाल्या, "आईचे शब्द हायेत ते, बाई. ऊसतोडीला जायची ती. एकदा हसून झालंय त्यास्नी. म्हनून बाहेर न्हाई काढले."

कोण हसलं होतं, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. नवी कोरी बीएड, अंबाड्यात फूल, शुद्धलेखनाची महाराणी अशी पंचविशीतली मी! रूथबाईंचा शाळेतला पहिलाच आठवडा. त्यांनी विचारलं, "पानी कुटं हाय?" आणि मी सगळ्यांसमोर त्यांच्याकडून 'ण' घोटून घेतला. "जीभ वर टेकवा. हं, पुन्हा म्हणा." स्टाफरूम खो-खो हसली. त्या दिवसापासून त्या पुस्तकासारखं बोलू लागल्या, तेही मोजकंच. मला वाटलं, काय सुधारणा केली मी! चाळीस वर्षांनी, रिक्षात, त्या पहिल्यांदा माझ्याशी आपल्या घरच्या बोलीत बोलल्या.

मग रोज दुपारी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. त्या सांगत, मी टाइप करी. सवयीनं 'पाणी' उमटलं की बोटांवर फुटपट्टी बसे. "जीब खाली ठिवा, बाई," वर हेही. माफी मागायची रोज ठरवायचे आणि रोज नवा शब्द टाइप करून घरी यायचे. हे सगळं जगासमोर ठेवायचं का, तेही विचारायचं राहिलं. मग त्यांचं आजारपण आलं, आणि दवाखान्यात असलं कोण विचारतं?

पुण्याला परत जाताना एस्तेर तो कॉम्प्युटर माझ्याकडे ठेवून गेली. आता तो माझ्या टेबलावर आहे. सकाळी मी सर्व्हर सुरू करते, हिरवं होतं, आणि रूथबाईंच्या आईचे शब्द माझ्या एकटीसमोर उघडतात. परवा न राहवून एस्तेरला फोन केला. "एस्तेर, हे बाहेर काढू का गं? मला तो हक्क आहे का?"

ती म्हणाली, "मावशी, दवाखान्यात मी आईला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, 'बाईंनाच इचार. कुनी हसलं तर आता त्या भांडतील.'"